शेवंतीच्या माळेतला सर्व्हर

गिरीराजनं झाकणाचा शेवटचा स्क्रू पिळला आणि घरातल्या सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. टेबलावर इडलीच्या कुकरएवढा पत्र्याचा डबा गुरगुरत होता.

"हा आपल्या घरचा सर्व्हर," तो म्हणाला. "रम्याचं सगळं काम आता यात राहणार. आत दोन डिस्क आहेत. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप लिहिलं जातं. एक मेली तरी दुसरी आहेच."

"आणि दोन्ही मेल्या तर?" रम्यानं विचारलं.

"दोन्ही एकदम कशा मरतील?" गिरीराज हसला. व्हाइटफील्डच्या कंपनीत नोकरी लागल्यापासून तो बायकोच्या शंकांना असाच हसत असे.

रम्याला हसू येत नव्हतं. कॉटनपेटमधल्या त्या घरात बसून ती कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकांची अक्षरं जुळवायची. यंदा प्रथमच तिला पुस्तकाचं काम मिळालं होतं. समाजाच्या मंडळाची स्मरणिका, अर्धी मराठी, अर्धी कन्नड. उन्हाळ्यापासून खपून तिनं ती पुरी केली होती आणि दसऱ्याला सकाळी छापखान्याचा बसवंत ती न्यायला येणार होता. शेवटच्या पानावर छापून येणार होतं, 'अक्षरजुळणी : रम्या'. पत्रिकांवर साऱ्या खानदानाची नावं असतात, जुळवणारीचं कधी नसतं.

ती स्मरणिका आता फक्त डब्यात होती. डब्यातली दुसरी डिस्क गिरीराजनं रम्याच्याच कॉम्प्युटरमधून काढली होती. "तुला आता लहान डिस्क पुरे," असं म्हणून त्यानं तिथं एक जुनीपुराणी बसवली. स्मरणिकेच्या फ्लॉप्यांचं खोकंही त्यानं दारात नेऊन ठेवलं. "हा अटाळा आता केरात टाका."

एस. पी. रोडच्या कॉम्प्युटर-बाजारात त्यानं मुद्दाम सगळ्यात लहान कॅबिनेट शोधलं होतं. त्यात डिस्क एकमेकींना चिकटून बसल्या, वायरी कोंबाव्या लागल्या, आणि पंख्याला जाळी लावली तर झाकण बसेना, म्हणून जाळी बाहेरच राहिली. पण डबा कसा सुबक दिसत होता!

खंडेनवमीला गिरीराज आंघोळीला गेला, तेव्हा रम्याच्या सासूबाई मथुराबाई पूजेला लागल्या. मिक्सर, शिवणयंत्र, स्कूटर, विळी, अप्पासाहेबांचे पाने आणि स्क्रूड्रायव्हर, रम्याचा कॉम्प्युटर, सगळ्यांना गंध लागलं. मग त्या डब्याकडे वळल्या. लेकानं एवढं खपून केलेलं यंत्र, त्याला हात कसा आखडता घ्यायचा? त्यांनी हळदीकुंकू वाहिलं. ते पंख्यानं आत ओढलं आणि मागून लाल धूर सोडला. मथुराबाईंना वाटलं, यंत्रानं पूजा स्वीकारली. त्यांनी मोठ्या भक्तीनं शेवंतीची भलीथोरली माळ डब्याभोवती गुंडाळली. पंख्यानं माळेचा दोराही स्वीकारला.

गिरीराज टॉवेल गुंडाळून बाहेर आला तेव्हा पंखा थांबला होता. डब्यातून टक टक येत होतं आणि जळका वास सुटला होता. त्यानं झेप घेऊन वायर उपटली. डब्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"स्क्रूड्रायव्हर! अण्णा, स्क्रूड्रायव्हर द्या!"

"पूजेत आहे," त्याचे वडील अप्पासाहेब म्हणाले. जन्मभर कारखान्यात लेथ चालवलेले, या दिवशी त्यांनी कधी खिळासुद्धा उचलला नव्हता. "आज हत्याराला हात नाही."

"आत आग आहे, अण्णा!"

"मग स्वल्प गार होऊ दे की."

"बरं, सुरी?"

"धार आहे तिला. तीही पूजेत आहे."

"आणि हे चालेल?" गिरीराजनं खुंटीवरच्या शर्टातून रुपयाचं नाणं काढलं.

अप्पासाहेबांनी नाण्याकडे पाहिलं. "ती लक्ष्मी आहे. हत्यार नाही. सरी, चालेल, उघड."

नाण्यानं स्क्रू फिरवताना गिरीराजची बोटं सोलली. शेवटचा स्क्रू सैल झाला आणि कोंबलेल्या वायरींनी झाकण उडवलं. तापलेल्या डिस्क त्याच्या हातात आल्या, चटका बसला आणि हात सुटला. एकीवर जे होतं ते दुसरीवरही होतं. त्याच न्यायानं एक फरशीवर पडली तशी दुसरीही पडली.

आवाज ऐकून रम्या स्वयंपाकघरातून आली. तिनं डिस्क पाहिल्या, गिरीराजकडे पाहिलं.

"माझं पुस्तक यातच होतं ना, हो?"

बायकोच्या डोळ्यांत पाणी पाहून गिरीराजला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"फ्लॉप्या," तो एकदम म्हणाला. "फ्लॉप्या कुठं आहेत?"

"केरात. तुम्हीच सांगितलंत."

"कोण म्हणालं केरात?" मथुराबाई म्हणाल्या. "एकेकीवर चिठ्ठी चिकटवून पोरीनं अक्षरं लिहिलीत. लिहिलेलं केरात टाकतात होय? सरस्वतीपाशी ठेवल्यात मी."

पाटावर पोथ्यांखाली, फुलांत बुडालेलं ते खोकं होतं. उघडंच. गिरीराज धावला. अप्पासाहेब आडवे आले.

"उद्या. उत्तरपूजा झाल्यावर."

"आई, यावर पाणी शिंपडलंस?"

"अय्यो, पूजा काय कोरडी करू?"

उरलेला दिवसभर घरात कुणी धड जेवलं नाही. गिरीराज पाटासमोर बसून होता. त्याला इतका वेळ देवापुढे बसलेला मथुराबाईंनी कधी पाहिला नव्हता. त्या जाम खूश होत्या.

दसऱ्याला उत्तरपूजा होते न होते तोच बसवंत दारात हजर झाला. "मॅडम, काम तयार ना?"

"बसा, कॉफी घ्या," रम्या म्हणाली आणि कॉम्प्युटर सुरू केला. एकेक फ्लॉपी खरखरत आत गेली, उघडली, बाहेर आली. शेवटच्या फ्लॉपीवर कुंकवाचं बोट उमटलं होतं. तीच अडली. खर्र, खर्र. बसवंतची कॉफी संपली. रम्यानं फ्लॉपी काढली, पदरानं पुसली, डोळे मिटून पुन्हा घातली. पडद्यावर शेवटचं पान उघडलं आणि त्यावर तिचं नाव होतं.

स्मरणिका छापून झाली. बसवंतनं फ्लॉप्या परत आणल्या, पण पाणी लागून त्यांचं खोकं फाटलं होतं. रम्यानं घरभर शोधलं आणि गिरीराजचा पत्र्याचा डबा उचलला. फ्लॉप्या त्यात नेमक्या बसल्या.

"बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. माझं सगळं काम आता यात आहे."

गिरीराजनं आतून जाळी शोधून आणली आणि पंख्याच्या भोकावर बसवली. आता ती बसत होती.