खिंडीतल्या सशांची प्राचीन संस्कृती

एका जंगलात, मुलांनो, दोन डोंगरांच्या मध्ये एक खिंड होती. पूर्वेला हत्तींचं राज्य, पश्चिमेला गव्यांचं. खिंडीत ससे राहायचे. त्यांचा गुन्हा एवढाच, की ते मध्ये राहायचे.

कधी हत्ती यायचे, कधी गवे. दोघेही सांगायचे, की आम्ही तुमच्या रक्षणासाठी आलोय. मग खिंडीतलं गवत खाऊन जायचे.

हत्तींच्या काळात वर आलेली घराणी चालताना डुलायची. गव्यांच्या काळातली बोलण्याआधी फुरफुरायची. दोन्ही घराणी यालाच आपली प्राचीन संस्कृती म्हणायची आणि त्यावरूनच निवडणुका लढवायची.

ठकूबाई सशिणीचं बीळ ऐन वाटेवर होतं. ते सात वेळा तुडवलं गेलं. सातही वेळा तिनं नवं उकरलं. सातव्या वेळी आत तिची दोन पिल्लं होती. त्यावर माझ्याच्यानं विनोद करवत नाही.

पुढे एका पावसाळ्यात खिंडीच्या दोन्ही तोंडांशी दरडी कोसळल्या. वाट बंद झाली. वर्षभर कोणी रक्षणाला आलं नाही. गवत कानाएवढं वाढलं. ठकूबाईचं बीळ टिकलं, त्यात नवी पिल्लं झाली. ती कशीही चालायची, कशीही बोलायची.

सरपंच फुरफुरराव मात्र वाळत चालले. गवताची वाटणी चुकली, की लोक आता त्यांनाच जाब विचारायचे. विरोधी पुढारी डुलाजींची गत तीच. शेवटी दोघांनी गळ्यात गळे घालून सभा बोलावली. पिल्लांना धड डुलता येत नाही, धड फुरफुरता येत नाही, तेव्हा संस्कृती बुडाली, असं ठरलं. दरडी उकरायचा ठराव झाला.

"माझं बीळ वाटेवर आहे," ठकूबाई म्हणाली.

"बाई, जरा गावाचं बघा," सरपंच म्हणाले.

झाडून सगळे कामाला लागले. खिंडीनं एकजुटीनं केलेलं हे पहिलंच काम.

तिसऱ्या दिवशी हत्ती आले. ठकूबाईनं पिल्लं तेवढी आदल्या दिवशीच कड्यावर नेली होती. बीळ गेलं.

सरपंच सांत्वनाला आले. आधी फुरफुरले, मग डोळे पुसले.

"बघितलंस ना ठकूबाई," ते म्हणाले, "हे परके किती वाईट असतात."

ठकूबाई नववं बीळ उकरत होती.

तात्पर्य: बलाढ्य शेजारी ही आपत्ती नव्हे, सोय आहे. आपल्या चुकांचं खापर फोडायला एखादं परकं डोकं हाताशी असावं. वाटेवरचं बीळ मात्र दुसऱ्याचं असावं.