चौदा पाट्या आणि एक पाळणा

सुईणबाईंच्या घरात धोक्याच्या चौदा पाट्या लागल्या, तरी चिटणीसबाईंचं समाधान झालं नव्हतं. रविवारी सकाळी सव्वानऊ वाजता ती खुर्चीवर चढून पंधराव्या पाटीसाठी भिंत शोधत होती आणि सासूबाई खालून विचारत होत्या, की या डुगडुगणाऱ्या खुर्चीला पाटी कशी नाही.

चिटणीस ती हौसेने झाली नव्हती. मुलीला बालवाडीत सोडायच्या वाटेवर या जुन्या घराच्या कुंपणाचा एक दगड सैल झाला होता. तो आपल्याच मुलीच्या डोक्यात पडणार अशी तिची खात्री होती. ती तक्रार करायला गेली, तर घर वाचवणाऱ्या समितीचे अध्यक्ष, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, तिच्याकडे बघून हरखले. इतक्या बारकाईने या घराकडे आजवर कोणी बघितलंच नव्हतं. ती तक्रार घेऊन आत गेली आणि चिटणीस होऊन बाहेर आली. दगड अजून तिथेच होता.

ज्या सुईणबाईंचं हे घर, त्यांनी निम्मं गाव आपल्या हातांनी जगात आणलं होतं. त्यांची कात्री, कंदील, जन्मांची वही आणि पाळणा, सगळं तीन खोल्यांत जसंच्या तसं ठेवलं होतं. छप्पर मात्र गळत होतं आणि भिंतींना ओल धरली होती. पुरातत्त्व खात्याने कळवलं होतं, दुरुस्ती आम्ही करू, पण हे घर गावाला हवंय हे दिसू दे. रविवारी अधिकारी तपासणीला येतील, तेव्हा भेटवहीत त्या दिवसाच्या, गावातल्याच शंभर जणांच्या सह्या पाहिजेत. नाहीतर घराला कुलूप आणि वस्तू शहरातल्या गोदामात.

आठवडाभर ती दारोदार फिरली. पत्रकं तिनेच लिहिली होती आणि चूकही तिथेच झाली होती. आमंत्रणाची ओळ एक, सूचनांच्या नऊ. तिसरी पायरी सांभाळावी. माळ्यावर दोघांहून अधिक जणांनी जाऊ नये. दम्याच्या रुग्णांनी मागची खोली टाळावी. लोक पत्रक मनापासून वाचत आणि ‘नक्की येऊ’ म्हणत. आणि ज्या अर्थी ते दार लावून घेत, त्या अर्थी त्यांना जिवाची पर्वा होती.

साडेदहापर्यंत वहीत सात सह्या झाल्या. त्यांतल्या चार समितीच्याच. पाचवी सासूबाईंची. सहावी पोस्टमनची, तो पत्र द्यायला आला होता. सातवा माणूस औषधाच्या दुकानात निघाला होता. अध्यक्ष सर सकाळपासून भाड्याच्या ध्वनिक्षेपकावरून गावाला वारशाचं महत्त्व पटवून देत होते. गाव रविवारचं आंघोळीला बसलं होतं.

“माझ्या पत्रकामुळे झालं हे सगळं,” ती म्हणाली.

“पत्रक चांगलं होतं गं,” सासूबाई म्हणाल्या. “मीसुद्धा ते वाचून घरीच राहणार होते.”

एवढ्यात तिच्या लक्षात आलं, की बराच वेळ कोणी तिचा पदर ओढलेला नाही. चार वर्षांच्या चिमणीवर तिने सकाळपासून डोळा ठेवला होता, फक्त पंधरावी पाटी सरळ करताना तो ढळला. तिने मधली खोली बघितली, मागची बघितली, मोरी बघितली. सासूबाईंना वाटलं, नात आईपाशी आहे. सरांना वाटलं, नात आजीपाशी आहे.

पुढे काय झालं ते तिला नीटसं आठवत नाही. तिने सरांच्या हातून ध्वनिक्षेपक घेतला, एवढं खरं. वारशाबद्दल ती काही बोलली नाही. चार वर्षांची, पिवळा फ्रॉक, एका पायात सँडल, असं तिने तीनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा तिचा आवाज फुटला.

पाच मिनिटांत गल्ली भरली. अर्धी दाढी केलेला न्हावी आणि दाढी अर्धी राहिलेलं त्याचं गिऱ्हाईक असे दोघे आले. सुतारकाका आले, शिंपीणबाई गळ्यात टेपसकट आल्या, नळवाला पाना घेऊन आला. ‘नक्की येऊ’ म्हणणारे सगळे आले. दारात मात्र सर टेबल आडवं लावून बसले होते.

“आधी सही,” ते म्हणाले.

“अहो सर, पोरगी हरवलीय.”

“म्हणूनच. आत कोण गेलं, बाहेर कोण आलं, कळायला नको? नाव, पत्ता, भेटीचं कारण.”

सरांपुढे सही चुकवायची हिंमत त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना कुठून असणार. आणि गावात दुसरे होते कोण.

मग घराची झडती सुरू झाली. सुतारकाका माळ्यावर चढले आणि तुळईला वाळवी लागलीय म्हणून वरूनच सगळ्यांना सांगू लागले. नळवाला मोरीत वाकला तो तिथेच रमला, कारण ओल कुठून येते ते त्याला दिसलं होतं. जन्मांच्या वहीखाली कोणी लपलंय का ते बघताना न्हाव्याला त्यात आपल्या आजोबांचं नाव दिसलं, वजनासकट. तो पुढच्या प्रत्येकाला आपले आजोबा दाखवू लागला. पण चिटणीसबाईंच्या पाट्या लोकांनी तंतोतंत पाळल्या. माळ्यावर दोघेच गेले. वस्तूंभोवतीची दोरी कोणी ओलांडली नाही.

“सापडली,” शिंपीणबाई पलंगाखालून म्हणाल्या.

चिटणीसबाई धावत आली. शिंपीणबाईंनी पलंगाखालून जे बाहेर ओढलं, ती पाळण्यात ठेवायची कापडी बाहुली होती. तिने ती छातीशी धरली आणि पुन्हा शोधायला पळाली. दगड सैल दिसला की दहा शंका काढणाऱ्या या बाईला, बाहुली इथे आहे तर पाळण्यात काय आहे, ही अकरावी शंका काही आली नाही. पाळण्यापाशी ती तीनदा जाऊन आली होती. आत टोपडं आणि शालीचं गाठोडं दिसत होतं. पुढे वाकणार तर समोर तिच्याच अक्षरातली पाटी होती, ‘दोरीच्या आत येऊ नये’. ती मागे सरली होती.

बारा वाजता साहेब आले. खात्यातल्या अठरा वर्षांत त्यांनी असं संग्रहालय बघितलं नव्हतं. माणसं पलंगाखाली शिरत होती, कपाटं हुंगत होती, भिंती ठोकून बघत होती. साहेबांनी आपल्या टिपणवहीत ‘लोकांचा सहभाग अत्यंत सखोल’ असं लिहिलं आणि फिरत फिरत ते पाळण्यापाशी आले. चष्मा सावरून त्यांनी माहितीची पट्टी वाचली. मग वाकून आत बघितलं. दोरीच्या आत आलेला सकाळपासूनचा तो पहिला माणूस.

“चिटणीसबाई,” ते शांतपणे म्हणाले, “ही सत्तर वर्षांची बाहुली अंगठा चोखते?”

मुलगी टोपडं घालून गाढ झोपली होती. चिटणीसबाई दोरी ओलांडताना दोरीसकट आडवी झाली आणि तशीच रडली. लोकांनी डोळे पुसले. साहेबांनी तेवढ्यात भेटवही उघडली.

‘भेटीचे कारण’ या रकान्यात पहिल्या सात सह्या सोडल्या तर पानोपानी एकच मजकूर होता. मुलगी शोधणे. मुलगी शोधणे. वर तसेच.

सर काहीतरी बोलणार होते. पण मुलीला खांद्यावर घेऊन ती पुढे झाली. घराला कुलूप लागणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

“साहेब, खोटं नाही बोलत. आठवडाभर बोलावलं, तर सात आले. बाकीचे हिच्यासाठी आले. माझं पत्रक वाचून कोणी येणं शक्यच नव्हतं.”

“आलो पोरीसाठी,” सुतारकाका माळ्यावरूनच म्हणाले, “पण ही तुळई बघितल्यावर आता घरी कसा जाऊ? मंगळवारी माणसं घेऊन येतो. सही परत करावी लागत असेल तर करतो.” मोरीतून नळवाल्याचा हुंकार आला. न्हावी म्हणाला, माझा आजोबा गोदामात जाणार नाही.

साहेब बोटाने सह्या मोजत होते. शेवटच्या पानावर बोट थांबलं.

“नव्व्याण्णव.”

सरांनी चिमणीकडे आशेने बघितलं. “हिला ‘ग’ काढता येतो,” ते म्हणाले. साहेबांनी मान हलवली. नियमात सज्ञान माणसाची सही होती.

मग त्यांनी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं.

“मी इथेच, पाण्याच्या टाकीमागे राहतो,” ते म्हणाले. “बावीस वर्षं. रोज इथूनच कामावर जातो. आत यायला वेळ झाला नाही कधी. मागच्या आठवड्यात यायचं ठरवलं होतं, पण तुमचं पत्रक हातात पडलं. मला दमा आहे.”

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि नाव लिहिलं, पत्ता लिहिला. भेटीच्या कारणापाशी ते जरा अडखळले. मग वरच्या ओळी बघून त्यांनीही लिहिलं, मुलगी शोधणे. आणि सरकारी माणूस असल्यामुळे काम अर्धवट ठेवलं नाही. पुढे लिहिलं, सापडली.