न संपणारा सुरा

आमचे शेजारी बापू घरी आलेल्या माणसाला पाणी द्यायच्या आधी घाटात अडकवतात. माणूस खुर्चीत नीट टेकायच्या आत प्रश्न येतो, "समजा, तुमी वरंधा घाटात अडकलात. पाऊस हाय, मोबाईलला रेंज न्हाई. खिशात काय हाय?" पहिल्या वेळी मी खरं ते सांगितलं, की रुमाल आहे आणि कपाटाची किल्ली आहे. 

"मग तुमी गेलात, भाऊसाहेब," ते म्हणाले आणि मग पाणी आणायला उठले.

मी भोरच्या एका कचेरीत कारकून. बापू हायस्कुलातून चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. बायको वारली. एकुलती एक मुलगी, वैशाली, वनरक्षक आहे, नेमणूक वेल्ह्यात पासलीच्या बाजूला. दिवसभर जंगलात एकटी फिरते. तिच्यासाठी बापू गेली दोन वर्षं एक सुरा तयार करतायत. साधासुधा नाही. लाकूड फोडेल, माती उकरेल, दोर कापेल आणि दगडावर आपटला तरी तुटणार नाही असा. तो अजून तयार झालेला नाही आणि त्याच्यापायी आजवर जे काही तुटलंय ते सगळं आमच्या घरचं आहे.

आमच्या बंबाची लाकडं त्यांनी फोडली, त्याचं काही नाही. पण आमच्या फाटकाची कडी उचकटून पाहिली. हिनं लावलेली हळद वेळेआधीच उकरून ठेवली. एकदा तर हिनं लोणच्याची बरणी उघडली आणि आत सुरा. खारात गंज धरतो का, ते बघायचं होतं म्हणे. गंज धरला नाही, हे बापूंनी तिला इतक्या आनंदानं सांगितलं की जणू लोणचं तिनं त्यासाठीच घातलं होतं. त्यानंतर दोन दिवस ही माझ्याशी बोलली नाही. सुरा माझा नव्हता, पण ते ऐकून घ्यायला ती तयार नव्हती.

माझ्याकडे गाडी आहे, हा माझा आणखी एक गुन्हा. ट्रकच्या पाट्याचं पोलाद सारोळ्याच्या भंगारवाल्याकडे मिळतं आणि बापूंच्या विश्वासातली भट्टी मात्र वेल्ह्यात. म्हणजे माझे रविवार एक तर हायवेला जातात, नाही तर डोंगरात. तिथं पात्याला पाणी कधी द्यायचं यावरून बापू लोहाराशी भांडतात आणि मी धुरात उभा राहून दोघांची समजूत काढतो. टोक मोडलं म्हणून त्यांनी पातं जाड केलं. फांदीवर घाव बसेना म्हणून पुढचा भाग रुंद केला. हातातून निसटतो म्हणून जरा वाक दिला. शेवटी लोहार म्हणाला, "गुरुजी, ह्यो कोयताच झाला की."

खरंच झाला होता. दोन वर्षं डोकं चालवून बापू ज्या वस्तूपर्यंत पोचले, ती हिर्डोशीपासून पासलीपर्यंत घराघरात भिंतीला लटकलेली असते.  पुढच्या रविवारी वाक काढायला त्यांनी पुन्हा मलाच नेलं.

मूठ वैशालीच्या हाताच्या मापाची हवी, म्हणून दर महिन्याला तिला फोन जातो, की सुरा झालाय, धरून बघून जा. एरवी तिला सवड नसते, पण सुऱ्यासाठी ती येते. बापू तो तिच्या हातात देत नाहीत. धारेचं हातोहात दिलं की भांडण होतं, म्हणून पायरीवर ठेवतात. ती उचलते, फिरवते आणि काहीतरी खोट काढते. मूठ जाड आहे, नाही तर बोटं घसरतात. मग बापूंच्या हातचं जेवते, मुक्काम करते आणि सकाळच्या एसटीनं जाते. बापू लगेच कानस घेऊन बसतात आणि त्या खरखरीत आमच्या चहाची चव जाते.

या नवरात्रात माझा धीर सुटला. मी वैशालीला फोन करून सांगितलं, की बाई, यावेळी चांगला आहे म्हण आणि सुटका कर आमची. ती हसली. बरं काका, म्हणाली.

खंडेनवमीला ती आली. बापूंनी कानस, हातोडी आणि सुरा मांडून पूजा केली होती. त्यांनी सुरा पायरीवर ठेवला. त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत, म्हणून तिनं नुसता तोलून पाहिला. खैराची मूठ तिच्या मुठीत अशी बसली, की मलासुद्धा कळलं.

"छान झालाय, बाबा," ती म्हणाली. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

"व्हय?" बापू म्हणाले. "मंग झालाच म्हनायचा."

गुंडाळायला फडकं आणतो म्हणून ते आत गेले ते बाहेर येईनात. दारातून स्वयंपाकघर दिसत होतं. दोन ताटं आधीच मांडलेली होती. बापू फडकं हातात धरून ताटांपाशी नुसते उभे होते. आता लेकीला बोलवायला निमित्त काय, हेच त्यांच्या मनात असणार. मला स्वतःची लाज वाटली.

वैशालीनंही ते पाहिलं. तिनं सुरा हळूच परत पायरीवर ठेवला.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "टोकाकडं जड लागतोय. मनगट दुखंल."

बापू तीन ढांगांत बाहेर आले. "म्या म्हनलंच व्हतं. पाटाच जाड घेतला आपन. भाऊसाहेब, सारोळ्याला कधी जायचं?"

सवयीनं माझं डोकं भडकलंच. वेळ नाही म्हणून सांगायला मी तोंडही उघडलं.

"दसरा होऊ द्या," मी म्हणालो, "रविवारी जाऊ."

वैशाली आत वाढायला गेली होती. मी घरी आलो आणि हिला लोणच्याची बरणी माळ्यावर ठेवायला सांगितली.