ठकीपुढची मुलाखत

होम क्वारंटाईनचा शिक्का हातावर बसला, तेव्हा संघर्षच्या चेहऱ्यावर असं काही तेज चढलं, की शिक्का मारणाऱ्या राजश्रीताई दोन पावलं मागं सरकल्या. त्यांना वाटलं, तापच चढला!

"ताई, लोकं ह्या चौदा दिवसांत काय करत्यात? झोपा! पत्ते! मोबाईल!" शिक्क्यावर फुंकर मारत संघर्ष म्हणाला. "मी येळेचं सोनं करणार. चौदा दिवसांनी ह्या दारातनं जो माणूस भाईर पडंल, त्यो तुमाला वळखूसुदिक येणार न्हाई!"

"वळखू आला न्हाई तर अजून चौदा दिवस ठेवावा लागंल," गावच्या आशा सेविका राजश्रीताई म्हणाल्या, आणि दारावर कागद चिकटवून पुढच्या घराला लागल्या.

संघर्ष रांजणगावच्या एका कंपनीत लाईन सुपरवायझर होता. राहायला शिरूरला खोलीवर, सुट्टीला खुटबावला घरी. शिफ्टमधला एक जण पॉझिटिव्ह निघाला आणि कंपनीनं अख्खी लाईन घरी पिटाळली. पिटाळता पिटाळता एक मेलही धाडला: असिस्टंट मॅनेजरची जागा भरायची आहे, मुलाखत व्हिडिओवर, इंग्रजीतून. उमेदवार दोघंच. एक संघर्ष आणि दुसरा सत्यजीत. हा सत्यजीत म्हणजे, व्हर्नियर कॅलिपर कुठल्या बाजूनं धरायचा हे ज्याला संघर्षनं शिकवलं होतं तो! तो वर चढला, तर उद्या त्याच्याच केबिनच्या दारावर टकटक करून 'मे आय कम इन सर' म्हणायची पाळी! ह्या एका वाक्याच्या धास्तीनं संघर्षला निम्मं इंग्रजी आपोआप यायला लागलं होतं. उरलेलं निम्मं क्वारंटाईनमध्ये उरकायचं होतं.

घरात खोल्या दोन. एकीत आई भागुबाई, दुसरीत बायको गौतमी आणि गव्हाची पोती. म्हणून संघर्षची रवानगी कडब्याच्या खोलीत झाली. खोलीला लागूनच गोठा, मध्ये कमरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडं ठकी.

ठकी रंगानं डांबरासारखी आणि स्वभावानं मुकादमासारखी म्हैस होती. रेडकू दगावल्यापासून पान्हा सोडायचा की नाही, हे ती तब्येतीनं ठरवायची. भागुबाईनं पेंड ठेवावी, पाठ थोपटावी, आईबाप काढावेत. मग ठकी अर्धी बादली दूध द्यायची. तेही, सरकारी कचेरीत दाखला देतात तशा चेहऱ्यानं.

संघर्षनं पहिल्याच दिवशी मोबाईलवर 'आत्मविश्वासाने इंग्रजी बोला' हा व्हिडिओ पाहिला. त्यातले सर सांगत होते, समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोला. संघर्षच्या समोर कोण होतं? ठकी! तो भिंतीशी ताठ उभा राहिला आणि सकाळ-संध्याकाळ, पाचच्या ठोक्याला, ठकीच्या डोळ्यांत डोळे घालून गरजू लागला.

"गुड मॉर्निंग सर! मायसेल्फ संघर्ष! माय स्ट्रेंथ इज टीमवर्क! माय स्ट्रेंथ इज डिसिप्लिन!"

मग आवाज खाली आणून, खालमानेनं, "माय वीकनेस इज... आय ॲम लिटल बिट इमोशनल, सर."

ठकी रवंथ थांबवून ऐकायची. इतक्या मन लावून संघर्षचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. गौतमीनं तर नाहीच.

आणि काय आश्चर्य! ठकीची बादली काठोकाठ भरू लागली!

"नव्या सरकीचा गुण हाय," भागुबाई म्हणाली.

"सरकीचा कशाचा? आठ दिवस धार मी काढतेय," गौतमी म्हणाली. "हाताचा गुण हाय."

श्रेयावरून सासू-सुनेत दोन दिवस अबोला झाला. संघर्षचं नाव कुणाच्याच तोंडी आलं नाही. घरात काही चांगलं झालं की ते येत नसेच.

पण इतकं गरजून त्याचा घसा बसला! आता त्या दिवसांत घसा बसणं म्हणजे काही साधी गोष्ट होती का? राजश्रीताई धावत आल्या. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला, कपाळावर बंदूक रोखून ताप पाहिला, आणि दारातूनच ओरडल्या, "समदं नॉर्मल हाय! पर बोलायचं बंद! येक शबुद काढायचा न्हाई!"

त्या संध्याकाळी संघर्ष गप्प. आणि ठकीही बंद! गौतमीनं सडाला हात लावला, तर ठकीनं बादली अशी उडवली की ती थेट शेजारच्या हौसरावआबांच्या मेथीत जाऊन पडली. दुसऱ्या सकाळी तेच. भागुबाई कपाळाला हात लावून उंबऱ्यात बसली.

"दृष्ट लागली गं ठकीला!"

गौतमीनं ठकीकडं पाहिलं. ठकी मान वळवून भिंतीकडं पाहत होती. भिंतीमागं नवरा गळ्याला मफलर गुंडाळून मुका बसला होता. बारावीला सायन्स घेतलेल्या गौतमीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अहो, ते तुमचं मायसेल्फ म्हणा बरं जरा!"

"डाक्टरनं... ताईनं..." संघर्ष घोगरला.

"हळू म्हणा!"

संघर्षनं घोगऱ्या आवाजात मायसेल्फ म्हटलं. ठकीनं कान टवकारले. टीमवर्क आलं, कास तटतटली. डिसिप्लिनला धारा वाजू लागल्या! वीकनेस येताच मात्र ठकीनं पान्हा चोरला आणि लाथ उचलली.

"ते वीकनेस गाळा!" गौतमी ओरडली. "पुन्हा टीमवर्क घ्या!"

अशा रीतीनं गुण कुणाचा, ह्याचा निकाल लागला. एच.आर.चा फोन आला तोवर संघर्षचा घसा सुटला होता आणि तोंडपाठ मुलाखतीशिवाय ठकीनं दूध द्यायचं नाही, असा घरचा कायदाच झाला होता. एच.आर.च्या मॅडम म्हणाल्या, "सर, उद्या संध्याकाळी पाचला इंटरव्ह्यू ठेवूया?"

पाचला! मोबाईलला रेंज फक्त गोठ्याच्या खिडकीत. ठकीच्या धारेची वेळ पाचची. आणि शिक्का अजून हातावर, म्हणजे घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही.

"आई, उद्याच्या दिवस ठकीला आबांच्या रानात बांध."

"का म्हनून?" भागुबाई फणकारली. "तू बोलनारच हाईस नव्हं? मग बोलता बोलता बादली भरती! येका कामात दोन कामं! तूच म्हनतोस ना, येळेचं सोनं करायचं म्हनून?"

आपलंच वाक्य आपल्याच आईच्या तोंडून ऐकण्यासारखी शिक्षा नाही.

दुसऱ्या दिवशी संघर्ष लग्नातला टाय बांधून खिडकीत उभा राहिला. पाठीमागं गौतमीची नवी चादर टांगली होती. मोबाईलच्या चौकटीत सगळं कसं ऑफिससारखं. चौकटीबाहेर डावीकडं ठकी, ठकीखाली गौतमी, गौतमीमागं भागुबाई. पलीकडं कंपनीचे प्लँट हेड साहेब आणि एच.आर.च्या मॅडम.

"सो संघर्ष, टेल अस अबाऊट युवरसेल्फ."

"गुड इव्हनिंग सर! मायसेल्फ संघर्ष!"

चर्रर्र! चर्रर्र! बादलीत धारा कोसळू लागल्या.

"हा कसला आवाज?" साहेबांनी कान देऊन विचारलं.

"कूलंट, सर," संघर्ष म्हणाला. कंपनीत मशिनवर कूलंटचं पाणी अस्संच वाजायचं; माणूस सवयीचा गुलाम! "माय स्ट्रेंथ इज टीमवर्क सर! माय स्ट्रेंथ इज डिसिप्लिन!"

ठकी खूश झाली. तिनं मान लांब केली आणि कौतुकानं टायचं टोक तोंडात धरलं. संघर्ष कमरेतून वाकला. सोडवून सरळ झाला. ठकीनं पुन्हा ओढलं, तो पुन्हा वाकला. पलीकडं मॅडम हळूच म्हणाल्या, "किती नम्र आहेत ना!"

"अँड व्हॉट इज युवर वीकनेस?"

वीकनेस म्हटलं की ठकी लाथ उचलणार, आणि लाथेच्या बरोब्बर रेषेत गौतमीचं डोकं!

"सर, माय स्ट्रेंथ इज टीमवर्क!"

"दॅट इज फाईन. आय ॲम आस्किंग वीकनेस."

"सर, माय स्ट्रेंथ इज डिसिप्लिन!"

"मिस्टर संघर्ष, एव्हरीबडी हॅज अ वीकनेस!"

संघर्ष क्षणभर घुटमळला. तेवढ्यानंच ठकी बिथरली. गोठ्यातून भागुबाईचा खणखणीत आवाज आला, "आरं थांबू नगंस! अजून दोन सडं राह्यल्यात! बोल!"

"हू इज दॅट?"

"सीनियर मेंबर ऑफ फॅमिली, सर," संघर्ष म्हणाला. "मोटिव्हेशन देती. सर, इन माय हाऊस वीकनेस इज नॉट अलाऊड!"

पलीकडं साहेब मॅडमकडं वळून म्हणाले, "पोरगं प्रेशरखाली हलत नाही बघा! दुसऱ्यानं तर वीकनेसच पंधरा मिनिटं सांगितला."

संघर्षला बढती मिळाली!

शिक्का पुसला, कंपनी सुरू झाली. संघर्षला काचेची केबिन आली, आणि दारावर टकटक करून 'मे आय कम इन सर' म्हणायला सत्यजीत आला. आयुष्यात दुसरं काय हवं असतं? पण तिकडं खुटबावला ठकी अडून बसली. गौतमीनं आवाज रेकॉर्ड करून ऐकवला. ठकी एकदा फसली, दुसऱ्यांदा तिनं शेपटीच्या फटकाऱ्यानं मोबाईल शेणात पाडला. तिला ताजं, रोजच्या रोज केलेलं लागे. शेवटी पाच वाजले की असिस्टंट मॅनेजर केबिनचं दार लावून घेत, गोठ्यात उभ्या गौतमीला फोन लावत आणि दबक्या आवाजात, पण पूर्ण आत्मविश्वासानं सुरू होत, "गुड इव्हनिंग! मायसेल्फ संघर्ष!"

काचेला कान लावायला सत्यजीत होताच. आठवड्याच्या आत एच.आर.नं बोलावून घेतलं.

"सर, स्पष्टच विचारते," मॅडम म्हणाल्या. "रोज पाचला तुम्ही दुसऱ्या कंपनीला इंटरव्ह्यू देता, अशी माहिती आहे. कुठली कंपनी?"

संघर्षनं खूप विचार केला. मॅनेजर झालेल्या माणसानं खोटं बोलू नये, असं त्याला उगाच वाटलं.

"मॅडम, म्हैस आहे."

"काय?"

"म्हैस. ती त्याच्याशिवाय पान्हा सोडत नाही. मुलाखतीलाही होती ती. चौकटीच्या डावीकडं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. दुःख होतं.

"सर, जायचंय तर जा. लोक जातात. पण निदान कारण तरी शोभेल असं सांगायचं! तुम्हाला ह्या पदावर परमनंट करायची फाईल आम्ही सध्या थांबवतोय."

तो मान खाली घालून बाहेर आला. पॅसेजमध्ये सत्यजीत उभाच होता. संघर्षला वाटलं, हा आता दात काढणार. पण सत्यजीतनं आजूबाजूला बघितलं, त्याला वॉटर कूलरमागं ओढलं आणि कानाशी लागून म्हणाला,

"दादा, राग मानू नका. पर त्या कंपनीत अजून येखादी जागा हाय का हो?"

संघर्षनं त्याच्याकडं निरखून पाहिलं.

"हाय की. पण शेण काढावं लागतं."

"हॅ!" सत्यजीत म्हणाला. "मग हितं काय येगळं करतोय?"