बारावीचे संचालक मंडळ

शांभवी बारावीला गेली तेव्हा राज्यात सीईटी सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. बोर्डाच्या पेपरात पानभर उत्तर लिहायचं आणि सीईटीत चारांतला एक गोल काळा करून गप्प बसायचं, एवढाच काय तो फरक. तिला दोन्ही जमत होतं. तिला इंजिनिअर व्हायचं होतं, आणि घरच्यांनी नुसतं लक्ष दिलं नसतं तर ती झालीही असती. पण तिचे वडील अण्णासो पेठ वडगावातल्या एका दूध संस्थेचे चेअरमन. चेअरमनच्या घरात कुठलंही काम आपोआप होऊ देत नाहीत, आधी मंडळ नेमतात.

त्याप्रमाणे रीतसर बैठक झाली. बोर्ड आणि सीईटी यांचा अभ्यास संयुक्तपणे करावा, असं सर्वानुमते ठरलं. बोर्डाचा कारभार तिचे काका मृत्युंजय यांच्याकडे गेला, कारण ते हायस्कुलात मास्तर होते. सीईटी मामा राजशेखर यांच्याकडे आली, कारण त्यांनी कोल्हापुरातल्या क्लासची जाहिरात वाचली होती. सकाळ काकांना मिळाली, संध्याकाळ मामांना. झोप कुणाच्याच कार्यक्षेत्रात बसेना, म्हणून तो विषय तहकूब ठेवला. शांभवी या बैठकीला हजर होती. चहा तिनंच दिला.

आता दोन माणसांना अधिकार दिले की दोन गट पडणारच, त्यात नवल ते काय! काका म्हणायचे, प्रत्येक उत्तराला व्याख्या, आकृती, उदाहरण हवंच. मामा म्हणायचे, आधी हिची लिहायची खोड मोडा. काकांनी दिलेलं पेन संध्याकाळी जप्त व्हायचं आणि मामांनी दिलेली पेन्सिल सकाळी. तिची आई बसम्मा उघडउघड आपल्या भावाच्या गटात गेली, त्यामुळं काकांच्या ताटात आमटी पातळ पडू लागली. पोरगी बिचारी कंटाळून गेली.

बोर्डाची परीक्षा तोंडावर आली आणि काका तिला संध्याकाळीही चोरून घोकंपट्टी करायला लावतात, अशी खबर मामांना लागली. ही सरळसरळ फोडाफोडी होती. मामांनी मग तेच केलं, जे आपल्याकडं कुठल्याही निवडणुकीआधी गटाचा नेता करतो. त्यांनी शांभवीला जीपमध्ये घातलं आणि राधानगरीला एका दोस्ताच्या शेतघरी सहलीला नेलं. तिथं तिची बडदास्त उत्तम होती. दोन्ही वेळ बासुंदी, डोळ्यांवर घालायला गॉगल. बोर्डाची पुस्तकं तेवढी विरोधी गटाचं प्रचारसाहित्य म्हणून काढून घेतली. सोमवारी सकाळी अकराला फिजिक्सचा पेपर आहे, असं ती रडकुंडीला येऊन सांगत राहिली. मामा म्हणाले, आमच्या माणसाचं मत आमी कधी चुकू देत न्हाय.

मतदाराला कधी पोचवायचं याचं एक शास्त्र असतं. लवकर नेला तर समोरचे गाठतात. म्हणून शेवटच्या तासाला नेतात. मामांची जीप बरोबर एक वाजता कोल्हापुरात परीक्षा केंद्राच्या गेटवर थांबली. सगळ्यांच्या डोक्याला गुलाबी फेटे, शांभवीच्याही.

"पेपर अकराला सुरू झालाय," गेटवरचे सर म्हणाले.

"दोनला संपतोय न्हवं? मग तासभर हाय की," मामा शांतपणे म्हणाले. "वेळ संपायच्या आत दारात आला त्याला आत घ्यायलाच लागतंय. नियम हाय. किती इलेक्शना काढल्यात आमी."

सरांनी गेट लावून घेतलं. शांभवी फेटा उतरवून त्यात तोंड खुपसून रडली. वर्ष गेलं होतं.

अण्णासोंनी तातडीची सभा घेतली. यावेळी मात्र दोन्ही गटांचं कधी नव्हे ते एकमत झालं. मनमानी वेळापत्रकाबद्दल बोर्डाचा तीव्र निषेध करण्यात आला, आणि पुढच्या वर्षासाठी हेच मंडळ बिनविरोध निवडावं, असा ठराव आला. तेव्हा शांभवी चहाचा ट्रे खाली ठेवून उभी राहिली.

"अण्णा, पुढच्या वर्षी मला एकटीला अभ्यास करू द्या. दुसरं काय नको मला."

अण्णासो रागावले नाहीत. लेकीवर त्यांचा फार जीव होता.

"बस बाळ," ते म्हणाले. "तू सभासद न्हाईस."

ठराव मताला टाकला. घरचे, भावकीतले, शेजारचे, सगळ्यांचे हात वर गेले. मागच्या ओळीत, पोह्यांची बशी मांडीवर सांभाळत, तुम्हीही बसला होतात. हात वर करताना शेजारच्याला म्हणालात, पोरीच्या भल्याचंच आहे.