पटकथेतून कापलेला नवरा

अण्णा पगाऱ्यांना सहज म्हणावं, "आज मन लागत नाही," की ते चष्मा वर करून आपल्या तोंडाकडे बघत आणि विचारत, "पण हे दिसणार कसं?" मग ओट्यावर बसवून मन न लागल्याचं करून दाखवायला लावत. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. गंगापूर रोडच्या आमच्या कॉलनीत तेव्हा सगळ्यांनीच हा छळ सोसला.

छळाचं मूळ होतं इंदूताईंची कादंबरी. इंदूताई म्हणजे अण्णांची बायको, एके काळी हरसूल या खेड्यात मास्तरीण होत्या. हरसूलच्या शाळेत एकटीने चार वर्ग सांभाळणाऱ्या मास्तरणीची ती गोष्ट मुंबईच्या एका निर्मात्याला आवडली. पटकथा कोण लिहील, असं त्याने विचारलं आणि इंदूताईंनी तोंड उघडायच्या आत अण्णा "मी" म्हणाले. अण्णा मूळचे सिन्नरकडचे, एसटी स्टँडवर गाड्या पुकारायचे. घरीसुद्धा कोणी इंदूताईंना तब्येत विचारली तर उत्तर अण्णाच देत, तेही दोनदा आणि दुसऱ्यांदा सावकाश.

'तिच्या मनात विचारांचं काहूर माजलं' एवढं लिहून इंदूताई मोकळ्या झाल्या होत्या. ते काहूर कॅमेऱ्यापुढे आणता आणता अण्णांना घाम फुटला. शेवटी त्यांनी मास्तरणीचं दूध उतू जाऊ दिलं. पुढे तिच्या प्रत्येक विचाराला दूध उतू जायला लागलं, तेव्हा इंदूताई एवढंच म्हणाल्या की हरसूलला इतकं दूध मिळत नव्हतं.

खरी पंचाईत निराळीच होती. कादंबरीतला मास्तरणीचा नवरा अखंड बडबडतो, तिला एक वाक्य पुरं करू देत नाही. हा नवरा कोण, ते पहिल्याच प्रकरणात कॉलनीला कळलं होतं. अण्णांना तेवढं कळलं नसावं, अशी आमची समजूत. ते म्हणायचे, "लय आगाऊ माणूस हाय हा. कापून टाकला." आणि त्यांनी खरोखरच त्याला पटकथेतून काढून टाकलं.

निर्माता घरी आला तेव्हा मीही तिथे होतो. त्याने कागद बाजूला ठेवले. नवऱ्याशिवाय या गोष्टीत जान नाही, तो परत येणार नसेल तर आपण सिनेमा करत नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. मी अण्णांना 'हो म्हणा' अशा खुणा करत होतो, पण ते बधेनात. स्टँड दणाणून सोडणारा तो आवाज एकदम खाली आला.

"साहेब, पुस्तकात तो तिला बोलू देत नाय. घरात बी देत नाय. पिच्चरमध्ये तरी तिला बोलू द्या."

म्हणजे गड्याला सगळं ठाऊक होतं.

इंदूताई चहा घेऊन आल्या होत्या. कपबशा ठेवत म्हणाल्या, "अहो, त्याला परत घ्या. तो नसला तर ती बोलणार कोणाशी?"

"मग त्याला काम काय देऊ?"

"ऐकू दे की."

"ऐकू दे," अण्णा पुटपुटले. "पण हे दिसणार कसं?"

इंदूताई समोर बसल्या आणि हरसूलचा पहिला दिवस सांगू लागल्या. त्या दिवशी बाजार होता आणि शाळेत एकही पोर आलं नव्हतं. अण्णांनी ओठांपर्यंत नेलेली बशी तशीच हातात राहिली. चहा निवला, त्यावर साय धरली. अण्णा मध्ये एक शब्द बोलले नाहीत.

निर्मात्याने मला कोपराने ढोसलं आणि अण्णांकडे बघत हळूच म्हणाला, "हा नवरा चालेल मला."