भरतीपुरती जेट्टी

"तीनदा आला तो इंजिनिअर, आणि तिन्ही वेळा तुम्ही त्याला भरतीलाच आणलंत?" होडीवाल्याची बायको कडाडली.

"अगं, पाहुणा माणूस. ओहोटीला चिखलातून चालवत आणायचं का त्याला? पायात नवे बूट होते."

झालं! त्या बुटांपायी सगळं बेट चिखलात राहिलं. पाहुण्याला भरतीलाच आणायचं, त्याचा पाय मळू द्यायचा नाही, ही या बेटाची जुनी रीत. इंजिनिअरनं तिन्ही वेळा काठोकाठ पाणी पाहिलं, तेवढंच मोजलं आणि जेट्टी बांधून मोकळा झाला. ओहोटी लागली की जेट्टीच्या टोकापासून होडीपर्यंत दोनशे पावलं नुसता चिखल! बेटावर दवाखाना नाही, सुईण नाही आणि घरात सून पोटुशी, आठवा महिना चाललेला. तिच्या कळा काय समुद्राला विचारून सुरू होणार होत्या?

"उद्या उद्घाटनाला मोठे साहेब येतायत ना? त्यांना ओहोटी दाखवल्याशिवाय सोडायचं नाही," बायकोनं ठरवलं.

"अगं, पण पाहुण्याला..."

"गप्प बसा!"

दुसऱ्या दिवशी साहेब भर भरतीला आले, फीत कापली, "वा, छान!" म्हणाले आणि परत निघाले. बायकोनं शाळेच्या गुरुजींना खूण केली. गुरुजींना आग्रह लागत नसे. अकरा वर्षांत त्यांचं भाषण कुणी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. त्यांनी समुद्राच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली आणि दीड तासानं बेटापर्यंत पोहोचले. मग एकतीस घरांकडून एकतीस सत्कार. शेवटचा सत्कार आटोपला तेव्हा जेट्टीखाली खेकडे फिरत होते.

"अहो, माझी होडी कुठाय?" साहेब ओरडले.

"ती काय, तिकडे लांब," बायको गोड आवाजात म्हणाली. "आता चालायचं, साहेब. आमची सून चालणार आहे ना, तसंच."

साहेब चडफडत उतरले. तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत रुतले. पाचव्या पावलाला बूट आतच राहिला. "कोणत्या गाढवानं बांधली ही जेट्टी?" ते गरजले. बायकोचा जीव सुखावला. आता आणखी दहा पावलं, की जेट्टी वाढलीच म्हणायची!

पण होडीवाल्याला ते बघवेना. "अरेरे, साहेब!" करत तो धावला आणि बायको "अहो, थांबा!" म्हणेपर्यंत त्यानं साहेबांना पाठुंगळी घेतलं. साहेब होते शंभर किलोंचे. तरी त्यानं उरलेली सगळी पावलं चालून त्यांना होडीत नेऊन बसवलं. बायकोनं कपाळावर हात मारला.

तीन आठवड्यांनी कचेरीतून पत्र आलं. गुरुजींनी वाचून दाखवलं, "ओहोटीच्या वेळी प्रवाशांना होडीपर्यंत उचलून नेण्याची स्थानिक व्यवस्था साहेबांना स्वतः अनुभवता आली व ती समाधानकारक वाटली. सबब जेट्टी वाढवण्याचे कारण दिसत नाही."

"मेल्यांनो!" बायकोचा तोल गेला. "माणसाच्या पाठीला जेट्टी म्हणता?"

तेव्हा ती स्थानिक व्यवस्था आतल्या खोलीत, कंबर धरून, अंथरुणाला खिळून कण्हत होती.

"लिहा, गुरुजी," बायको म्हणाली. "आमची व्यवस्था त्या दिवसापासून उठलेली नाही. सुनेला नववा लागलाय. तेव्हा साहेबांनी आता इथंच मुक्कामाला यावं, आणि येताना स्वतःची पाठ घेऊन यावं."